पुढे पान २१४ वर

चिपळूणला मामाकडे माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे असायचे. सुतळीने बांधलेले, वर धूळ, खाली उंदरांच्या लेंड्या. मे महिन्यात दुपारी सगळे झोपले की मी शिडी लावून वर जायचे. अकरा-बारा वर्षांची असेन. एका अंकाला मुखपृष्ठ नव्हतं आणि पुढची बरीच पानं वाळवीने नेली होती, त्यामुळे कथा मधूनच सुरू झाली. कोकणातलं एक दीपगृह. तिथला रखवालदार रोज रात्री दिव्याचा झोत एक फेरी मारून परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघतो. त्याच्या लक्षात येतं की फेरी लांबत चाललीय. यंत्र ठीक, घड्याळ ठीक. समुद्रच रुंद होत चाललाय. (हे असं होऊ शकत नाही हे मला दहावीत कळलं. कथेला त्याने काही फरक पडला नाही.) तो नोंदवही उघडतो, टाक दौतीत बुडवतो, आणि खाली बारीक अक्षरात : ‘पुढे पान २१४ वर’.

पान २१४ नव्हतं. कात्रीने नीट कापून नेलं होतं. पान २१३ वर चिरोट्यांची कृती होती आणि मामीने ती आपल्या वहीत खळीने चिकटवली होती. वही शोधून काढली. चिकटवलेली बाजू अर्थातच माझी होती. चहाच्या वाफेवर धरून पान सोडवायचा प्रयत्न केला, त्याबद्दल पाठीत एक धपाटा मिळाला.

हे आज आठवलं कारण परवा एका मैत्रिणीने विचारलं, विज्ञानकथांचा चांगला संग्रह सुचव. मी विचारलं, निवडक कथांचा हवा की नव्या कथांचा? ती म्हणाली, फरक काय पडतो?

खूप पडतो गं. निवडक कथांचा संग्रह म्हणजे पास झालेल्या मुलांचा सत्कार. कथा आधी कुठेतरी छापून आलेली, लोकांनी वाचलेली, कुणीतरी वाहवा केलेली. संपादकाने फक्त हार घालायचा. नव्या कथांचा संग्रह म्हणजे संपादक लेखकाला सांगतो, जी कथा तू अजून लिहिलेलीच नाहीस ती मला दे, आणि तिच्यावर पैसे लावतो. कथा फसली तर पुस्तक फसलं.

अमेरिकेत हा जुगार मोठ्या प्रमाणावर खेळला गेला. १९५३ साली फ्रेडरिक पोलने बॅलन्टाइन या प्रकाशनसंस्थेसाठी ‘स्टार सायन्स फिक्शन स्टोरीज’ काढलं. अशा मालिकांची सुरुवात बहुतेक लोक तिथूनच मोजतात. आर्थर क्लार्कची, तिबेटी मठातले लामा देवाच्या सगळ्या नावांची यादी करायला संगणक आणतात ती गोष्ट पहिल्यांदा छापून आली ती याच पहिल्या पुस्तकात. शेवट सांगत नाही. शेवट कळलेला नसण्याचं दुःख मला माहीत आहे.

मग डेमन नाइट. आधी गाजला तो कडक समीक्षक म्हणून. १९६६ ते १९८० या काळात त्याने ‘ऑर्बिट’ या नव्या कथांच्या मालिकेची एकवीस पुस्तकं काढली. त्यातला एक लेखक जीन वूल्फ तेव्हा इंजिनियर होता. प्रिंगल्सचे ते डब्यातले वेफर्स ज्या यंत्रातून निघतात ते बनवण्यात त्याचा हात होता, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. नाइटने त्याच्या कथा एकामागून एक घेतल्या. पुढे वूल्फने एक पुस्तक नाइटला अर्पण केलं, त्यात लिहिलंय की १९६६ च्या जूनमधल्या एका संध्याकाळी यांनी मला एका दाण्यातून उगवलं. संपादकाला याहून मोठं मानधन काय मिळणार?

१९७१ च्या नेब्युला समारंभाचा किस्सा तर मी कुणालाही सांगत सुटते. नेब्युला म्हणजे अमेरिकेतले विज्ञानकथालेखक आपसात मतं देऊन ठरवतात ते पारितोषिक. ‘ऑर्बिट’च्या सातव्या पुस्तकातली वूल्फची कथा यादीत होती. मंचावर आयझॅक असिमॉव्ह. मतदारांनी कौल दिला होता ‘कुणालाच नको’ असा, पण असिमॉव्हने ती ओळ सोडून तिच्याखालचं नाव वाचलं. वूल्फ उठून उभा राहिला. मग कुणीतरी असिमॉव्हच्या कानात सांगितलं. बिचाऱ्या वूल्फला सगळ्या सभागृहादेखत परत बसावं लागलं. त्या कथेचं नाव ‘द आयलंड ऑफ डॉक्टर डेथ अँड अदर स्टोरीज’. त्याने मग त्या नावातलेच शब्द उलटे फिरवून ‘द डेथ ऑफ डॉक्टर आयलंड’ लिहिली. तीही नव्या कथांच्याच एका मालिकेत, टेरी कारच्या ‘युनिव्हर्स’च्या तिसऱ्या पुस्तकात १९७३ साली आली. नेब्युला मिळालं.

या सगळ्यांत सर्वांत आवाजी माणूस म्हणजे हार्लन एलिसन. मासिकं छापायला घाबरतील अशा कथा द्या, असं त्याने लेखकांना सांगितलं आणि १९६७ मध्ये ‘डेंजरस व्हिजन्स’ काढलं. तेहतीस कथा. प्रत्येक कथेआधी एलिसनची लांबलचक प्रस्तावना, कथेनंतर लेखकाचं मनोगत. असिमॉव्हने कथा दिलीच नाही, दोन प्रास्ताविकं मात्र दिली. प्रस्तावना वाचताना मला गावच्या लग्नातला तो काका आठवतो, जो माइक सोडत नाही. पण कथा! सॅम्युएल डिलेनीची आणि फ्रिट्झ लायबरची कथा नेब्युला घेऊन गेली. १९७२ मध्ये दुसरं पुस्तक आलं, सेहेचाळीस कथांचं. जोआना रसची ‘व्हेन इट चेंज्ड’ त्यातली. ती वाचून मी दोन दिवस ऑफिसात कुणाशी धड बोलले नव्हते.

आणि तिसरं? ‘द लास्ट डेंजरस व्हिजन्स’. सत्तरीच्या दशकात जाहीर झालं. शंभरावर कथा घेतल्या. पुढच्या वर्षी येणार, नक्की येणार. काही लेखकांनी कंटाळून कथा परत घेतल्या, कित्येक वाट बघत वारले. २०१८ मध्ये एलिसनच गेला. पुस्तक आलं २०२४ मध्ये, ते त्याचा मित्र जे. मायकल स्ट्राझिन्स्की याने काढलं, आणि त्यातही जुन्यांपैकी थोड्याच कथा. एलिसनचे चाहते म्हणतात, आजारपण होतं, मनाची अवस्था होती. असेल. मला दया येते, पण रागही जात नाही. कथा वाईट असेल तर ‘साभार परत’ करावी, तो संपादकाचा हक्कच आहे. घेऊन कुलपात ठेवायची हा कुठला न्याय? मामीने निदान चिरोटे तरी केले.

आता आपल्याकडे. कुणी म्हणेल, मराठीत नव्या कथांचे संग्रह कुठे आहेत? अहो, दरवर्षी ढिगाने निघतात. दिवाळी अंक दुसरं काय असतो? १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला काढला तेव्हापासून आपण हेच करतोय, मागवून घेतलेलं ताजं लेखन एका बांधणीत. ‘नवल’, ‘धनंजय’ यांनी विज्ञानकथा, गूढकथा, भयकथा जगवल्या. धारप-मतकरी आमच्या घरात आले ते याच वाटेने.

माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्याकडे अंक असतो, लेखक असतात, जाहिराती असतात. या प्रकारच्या कथेला संपादक फार क्वचित मिळतो. ‘सत्यकथा’वाल्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची लेखकांना जाणारी पत्रं प्रसिद्धच आहेत : इथे सैल झालंय, हे पात्र पुन्हा बघा. विज्ञानकथेच्या लेखकाला जूनमध्ये फोन येतो, “मॅडम, दोन हजार शब्द, ऑगस्टपर्यंत.” कशावर, का, काहीच नाही. निमंत्रण नावाला जातं, कथेला नाही. नारळीकरांना हे बरोबर कळलं होतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी फिरवून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. पहिला नंबर आला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि त्याला हवा होता फक्त एक असा वाचक, जो नाव न बघता शेवटपर्यंत वाचेल.

माझाही एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका अंकाला कथा दिली. नाव सांगत नाही, अंक अजून निघतो. सप्टेंबरात प्रुफं येतील म्हणाले, आली नाहीत. थेट अंक आला. कथा छापली होती, चित्रही सुरेख होतं. शेवटचे तीन परिच्छेद नव्हते. त्या जागी एका पतपेढीची पाव पान जाहिरात, ठेवींच्या व्याजदरासकट. फोन केला तर संपादक मोकळेपणाने म्हणाले, “अहो, तिथे संपवली तरी चालतेय की! उलट गूढ वाटतंय.” मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळाली होती. तीही रद्दीत गेली असणार, मी शोधली नाही.

माझं मागणं फार नाही. एका संपादकाने दहा जणांकडून नव्या विज्ञानकथा, अद्भुतकथा मागवाव्यात. पाच जणांच्या परत पाठवाव्यात, कारण सांगून. उरलेल्या पुन्हा लिहायला लावाव्यात. दिवाळीची घाई नको. कणा असलेलं पुस्तक हवं, फडताळात उभं राहणारं, ज्याची पानं कापायला घरातलं माणूस दोनदा विचार करेल. इंग्रजीत भारतीयांनी हे केलंय. २०१२ मध्ये अनिल मेनन आणि वंदना सिंग यांनी रामायणावरून सुचलेल्या कल्पितकथांचं ‘ब्रेकिंग द बो’ काढलं. रामायण आपल्याही घरात आहेच की.

मामी आता नाही. वही माझ्याकडे आहे, चिरोटे चांगले होतात त्या कृतीने. कुणाच्या माळ्यावर जुने अंक असतील तर बघा. पान २१३ वर चिरोटे, खाली ‘साटा सढळ लावावा’ असं ठळक अक्षरात. पान उलटून मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा. रखवालदाराने नोंदवहीत काय लिहिलं, एवढंच हवंय.