दंड लावायचाय? आधी सभेत ठरवा, मग नोटीस द्या

सोसायटीला सभासदाला दंड करता येतो. पण चेअरमनच्या मनात आलं म्हणून नाही, आणि वाटेल तेवढा तर नाहीच. सांगली-मिरजेतल्या प्रत्येक फ्लॅटधारकाला हे माहीत असायला हवं.

विश्रामबागेत ओळखीच्या एका काकू एकट्या राहतात. जिन्यात चपलांचं स्टँड ठेवलं म्हणून त्यांच्या मेंटेनन्सच्या बिलात दंड चढला. ना नोटीस, ना विचारणा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला होता, तोच म्हणे ठराव. रोज त्याच माणसांची तोंडं बघायची, वाद कशाला, म्हणून त्यांनी पैसे भरून टाकले. मला राग येतो तो याचा.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, पद्धत स्पष्ट दिली आहे. कोणत्या नियमभंगाला किती दंड, हे सर्वसाधारण सभेने ठरवायचं. मग सभासदाला कारणे दाखवा नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि त्यानंतरच दंड. तोही वर्षभरात सगळा मिळून ५,००० रुपयांच्या वर जाता कामा नये. (इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर तिचं घोषणापत्र (डिक्लरेशन) आणि उपविधी वेगळे, ते काढून वाचा.)

भाडेकरू ठेवला म्हणून होणारी वसुली हाही दंडच, फक्त नाव दुसरं. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने या वसुलीला, म्हणजे बिनभोगवटा शुल्काला, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत.

कमिटीवाले पदरचा वेळ घालून राबतात, हे मला मान्य आहे. दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये बिनदिक्कत गाडी लावणारे महाभागही आहेत, त्यांना दंड व्हायलाच हवा. पण तक्रार वर गेली तर रीतसर केलेला दंडच टिकतो.

वसंतदादांचा हा जिल्हा. साखर कारखान्याच्या सभेत उभं राहून हिशेबाचा जाब विचारणारी माणसं आपण, आणि स्वतःच्या इमारतीच्या सभेला सह्यांपुरते जातो!

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. दंडाचा ठराव कधी झाला ते तिथे विचारा, इतिवृत्ताची प्रत लेखी मागा. दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा. आमच्या सभेत मी दंडाचा तक्ता मंजुरीसाठी ठेवा अशी मागणी करणार आहे, आणि तो मंजूर होईपर्यंत कुणाच्याही बिलात दंड नको, हेही लेखी देणार आहे.