'आधी अभ्यास करा' म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, उन्हाळ्यात तळी पार कोरडी केली तर चढणीची मासोळी, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला वर उथळ पाण्यात चढणारी, संपते, असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना कळावं म्हणून इथं जशीच्या तशी टाकते: "मॅडम, तळ्यातल्या मासोळीला कसलं आलं स्थलांतर? ते नदीचे, समुद्राचे मासे करतात. बीज हॅचरीतून येतं, पाणी धानासाठी असतं. आधी अभ्यास करा, मग लिहा."

लगेच उत्तर देणार होती, पण डोकं तापलं होतं म्हणून दोन दिवस थांबली. अजूनही तापलेलंच आहे, तरी लिहिते.

पहिले तुमचं जे बरोबर ते. मरळ मी चढणीच्या माशांत टाकली होती, ते चुकलं. मरळ काठच्या गवतात घरटं करते, पिल्लं राखत बसते, तिला अंडी घालायला नाल्यानं वर जायची गरज नाही. ती ओळ काढली.

आता 'अभ्यास करा'. हे तुम्ही कोणाला म्हणून राहिले भाऊ? माझा जन्म ढिवराच्या म्हणजे मासेमाराच्या घरचा, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. आठवीत असल्यापासून मायसोबत बाजारात टोपलं घेऊन बसली आहे. मिरगाच्या आधी बाबा रोज सकाळी तळ्याच्या पोटात चक्कर मारायचे, म्हणजे जिथून नाला तळ्यात उतरतो त्या उथळ भागात, आणि पहिल्या मोठ्या पावसाचं गढूळ पाणी आत आलं की रात्री कंदील घेऊन निघायचे, मलाही न्यायचे. घोटाभर पाण्यात पाठ उघडी टाकून वर सरकणारा शिवडा मासा मी हातभर अंतरावरून पाहिला आहे. मांगूर मासा तं ओल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सरपटत एका बांधीतून (धानाच्या शेतातून) दुसऱ्या बांधीत जायचा, त्याला पाणीसुद्धा पुरेसं लागत नव्हतं. तुम्ही असं काही पाहिलं असतं तर 'कसलं आलं स्थलांतर' हे शब्द तुमच्या हातून टाईप झाले नसते. पुस्तक वाचून शिकणारा माणूस मोठाच, मीही पुढे पुस्तकं वाचली, पण दुसऱ्यानं काय पाहिलं ते न विचारता त्याला अडाणी ठरवायचं, हे मला पटत नाही. चूक दाखवा, दहा दाखवा, पण अशा भाषेत काहून?

आणि स्थलांतर म्हणजे समुद्रातूनच आलं पाहिजे, असं कोणी ठरवलं? उन्हाळा काढायची जागा एक, अंडी घालायची जागा दुसरी, आणि दरवर्षी ठरल्या वेळी एकीकडून दुसरीकडे जाणं-येणं, यालाच स्थलांतर म्हणतात. ते हजार किलोमीटर असो की नाल्यानं अर्धा किलोमीटर. तळ्याचंच उदाहरण पाहिजे तर कंबोडियातलं टोनले साप घ्या. पावसाळ्यात मेकाँग फुगते आणि टोनले साप नदीचं पाणी उलटं वाहत तळ्यात शिरतं, उन्हाळ्यात एक-दोन मीटर असलेलं पाणी आठ-दहा मीटरवर जातं, तळं साधारण २,५०० चौरस किलोमीटरवरून १५,००० पर्यंत पसरतं, बुडालेल्या जंगलात मासे चरतात, वाढतात, आणि पाणी उतरायला लागलं की त्यांचे थवे नदीकडे निघतात. त्या देशाची अर्धी थाळी त्या चढ-उतारावर चालते. आपलं गावतळं त्याच्यापुढे वाटीएवढं, पण आत जे घडतं ते तेच.

माझा मुद्दा पाण्याच्या पातळीचा होता, तो तुम्ही वाचलाच नाही असं वाटते, म्हणून परत सांगते. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेली आपली जुनी तळी बशीसारखी आहेत, एकीकडे पार म्हणजे मातीचा बांध आणि बाकी बाजूंनी हळूहळू चढत गेलेली जमीन. मे महिन्याच्या शेवटी पाराजवळच्या खोल भागात कमरेएवढं तरी पाणी पाहिजे, कारण अंड्यावर येणारी मासोळी तिथंच जीव धरून असते. इंजिन लावून तेही उपसलं तर मिरगात चढायला राहते कोण? मग पहिल्या पावसानं पाणी पोटात चढलं पाहिजे आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर उगवलेलं गवत बुडलं पाहिजे, त्यात बारीक जीव वाढतात, पिल्लं त्याच्यावर जगतात. म्हणून तळं बारा महिने तुडुंब ठेवलं तरीही मासोळीचं भलं होत नाही, पाणी उतरणं आणि चढणं दोन्ही लागते, आणि वेळेवर लागते. अंडी एका दिवसाच्या आसपास फुटतात, पिल्लांना मात्र पुढचे काही आठवडे उथळ पाणी पाहिजे. त्याच दिवसात पावसानं दडी मारली, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं वाचवायला एकदम तुडूम, म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं दार, उघडलं की पिल्लं गवतातच कोरडी पडतात. जेसीबीनं तळं खोल करताना काठ सरळ कापले तर बशीचं टाकं होते. बशीत फूटभर पाणी चढलं तर कितीतरी जमीन बुडते, टाक्यात काहीच बुडत नाही.

आमच्या गावची सलांग, जिथून जास्तीचं पाणी बाहेर पडते ती, आधी दगडाची उतरती होती. खालच्या नाल्यातली मासोळी त्या पाण्यावरून उड्या मारत वर तळ्यात यायची. एका ठेकेदारानं ती फोडून सिमेंटची उभी भिंत बांधली, दोन फूट उंच. पाणी जास्त साठते हे खरं, पण आता मासोळी भिंतीच्या पायथ्याशी येऊन धडकते आणि लोकं टोपल्यानं उचलून नेतात, अंड्यानं भरलेली. बाबांनी ते पहिल्या वर्षी पाहिलं, त्यानंतर पावसाळ्यात तिकडे गेले नाही.

हॅचरीचं म्हणाल तर १० जुलै १९५७ ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन मासोळी अंड्यावर आणली, त्यातून रोहू, कटला, मिरगलचं बीज घरबसल्या मिळायला लागलं, हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या मासेमारांच्या सोसायटीत बीजाच्या पिशव्या येतात त्या ह्या तिघांच्याच, शिवडा आणि वाम त्यात कधी निघाले नाहीत. ते स्वतः चढले तरच आहेत. धानाच्या पाण्याबद्दल इथं वाद घालत नाही, आमचीही दीड एकर बांधी आहे.

तुम्ही नागपूरचे की कुठले, माहीत नाही, आणि त्यानं फरक पडत नाही. आर्द्रा लागल्या की या, रात्री पोटात घेऊन जाते, बूट काढून यावं लागेल. तुमची प्रतिक्रिया डिलीट करणार नाही. मरळची ओळ काढली, बाकी पोस्ट होती तशीच आहे.