तिसऱ्या रिचर्डच्या जखमा: हाडावरून किती सांगता येते? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. लेख इतक्या बारकाईने वाचून आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. इंग्लंडमधील लेस्टर शहरात वाहनतळाखाली २०१२ साली सापडलेल्या, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या सांगाड्यावरील ११ जखमा जिवंतपणी झाल्या की मृत्यूनंतर, हे न सांगता मी ‘मृत्यूच्या सुमारास’ एवढ्यावरच थांबलो, असा आपला आक्षेप आहे. प्राणघातक जखम कोणती हेही ठरत नसेल तर या खटाटोपातून हाती काय लागले, असेही आपण विचारले आहे. शिवाय त्याच्या पाठीत घुसलेल्या बाणाचे काय झाले, हाही आपला प्रश्न आहे.

जखमेच्या काळाबद्दल हाडावरून मुख्यतः दोन गोष्टी कळतात. घाव बसल्यावर माणूस पुरेसा काळ जगला, तर घावाच्या कडा बोथट होऊ लागतात आणि नवे हाड धरू लागते. पण ही खूण नजरेस येण्यास साधारण एक ते दोन आठवडे जावे लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे, घावाच्या वेळी हाडातील ओलावा आणि कोलॅजन (हाडाला लवचीकपणा देणारे प्रथिन) शाबूत होते की नाही. ताजे हाड ओल्या फांदीसारखे आधी वाकते आणि मग तुटते. त्याच्या कडा तिरप्या व गुळगुळीत असतात आणि कपचे जागीच चिकटून राहतात. जमिनीत वाळलेले हाड मात्र खडबडीत तुटते आणि तुटलेली कड भोवतालच्या मातकट रंगाहून फिकट दिसते. हा ताजेपणा मृत्यूबरोबर संपत नाही. हवामान आणि जमीन यांनुसार तो काही आठवडे, प्रसंगी काही महिनेही टिकतो. त्यामुळे मृत्यूच्या चार दिवस आधीचा घाव आणि चार दिवस नंतरचा घाव हाडावर सारखेच दिसू शकतात. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांसमोर रक्तस्राव आणि सूज असते, म्हणून त्यांच्याकडून जी अपेक्षा करता येते ती ५०० वर्षांच्या सांगाड्याकडून करता येत नाही.

म्हणून सगळेच मोघम राहते असे मात्र नाही. रिचर्डच्या माथ्यावर एक लहानसे छिद्र आहे, बाहेरून अगदी किरकोळ वाटावे असे. कवटीच्या आतल्या बाजूने पाहिले की तिथे हाडाचे दोन पापुद्रे आत झुकलेले, पण कडेला अजून जोडलेले दिसतात. उत्खननात वाळक्या कवटीवर कुदळ लागली असती, तर ते असे बिजागरीवर राहिले नसते. घाव ताज्या हाडावर बसला आणि तो भरून येऊ लागेल इतका काळ राजा त्यानंतर जगला नाही, ही दोन्ही विधाने इथे ठामपणे करता येतात.

याच्या पुढे जायचे तर हाडाबाहेरचा पुरावा घ्यावा लागतो आणि तो घेतला आहे हे उघड सांगावे लागते. ओटीपोटाच्या उजव्या हाडावरील जखमेचेच पाहा. चिलखत असताना त्या जागी घाव बसणे अवघड होते. हातांवर बचावाच्या जखमा नाहीत, यावरून शिरस्त्राण गेले तरी बाकीचे चिलखत अंगावर असावे असे दिसते. १४८५ मधील ज्या बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला, तिच्यानंतर त्याचे प्रेत विवस्त्र करून घोड्यावरून लेस्टरला नेल्याचे जुने वृत्तांत सांगतात. हे सारे जुळवून संशोधकांनी २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही जखम मृत्यूनंतरच्या विटंबनेची असावी असे मांडले, आणि त्यातला ‘असावी’ मला फार मोलाचा वाटतो.

प्राणघातक जखमेबद्दल: कवटीवर ९ जखमा आहेत आणि त्यांपैकी तळाकडच्या दोन मोठ्या जखमा जीव घेण्यास पुरेशा होत्या. एकीत तलवारीने किंवा लांब दांड्याच्या शस्त्राने हाडाचा तुकडाच छाटला गेला आहे, दुसरीत धारदार शस्त्राचे टोक आत घुसले आहे. दोन घावांच्या भेगा एकमेकींना भिडल्या असत्या, तर नंतरची भेग आधीच्या भेगेपाशी थांबलेली दिसली असती आणि क्रम लागला असता. इथे जखमा एकमेकींवर आलेल्याच नाहीत. दोहोंपैकी एकीचे नाव घेतले असते तर आपले समाधान झाले असते, पण ते विधान पुराव्यावर उभे राहिले नसते.

आता बाण. मणक्यांजवळ लोखंडाचा एक तुकडा सापडला होता आणि तो बाणाचे टोक असावा अशी सुरुवातीला चर्चा होती. क्ष-किरण तपासणीत तो रोमन काळातील खिळा निघाला. लेस्टर हे मुळात रोमन वस्तीचे नगर असल्याने तिथल्या मातीत तो असणे नवलाचे नाही. त्या ११ जखमांमध्ये बाणाची म्हणून नोंदलेली एकही नाही.