तबला कुणाच्या सौजन्याने?

आपल्या भागातल्या हौशी वृंदगान मंडळाला यंदा पंचवीस वर्षं झाली. अध्यक्ष, सचिव आणि दोन ज्येष्ठ गायिका पेढ्यांचा पुडा घेऊन तुमच्या ऑफिसात येऊन गेल्या. म्हणजे कालपर्यंत तुम्ही नुसते बिल्डर, सराफ किंवा क्लासवाले होतात, आज रसिक झालात. अभिनंदन! रसिकता पहिल्यांदाच अंगावर आली असेल तर थोडं मार्गदर्शन लागतं. ते मी फुकट देतो आहे. सौजन्य म्हणून माझं नाव कुठे घालू नका.

जाताना त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला असेल. नाट्यगृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, तबला, ढोलकी, सिंथेसायझर, बासरी, तालमीच्या हॉलचं भाडं, आणि सगळ्यात खाली, अंग चोरून उभी असलेली ओळ: नवी रचना, कवी व संगीतकार मानधन. हा कागद वाचत बसू नका. तुमचा फोटो लागेल अशी एकही जागा त्यात नाही. 'गुरुवारच्या तालमी अमुक ज्वेलर्स यांच्या सौजन्याने' असा बोर्ड लावून उपयोग काय? गुरुवारी तिथे बघायला कोण येतं? सोसायटीचा वॉचमन आणि डास.

तुम्ही सरळ फ्लेक्स घ्या. एक बाहेर, एक फोयरमध्ये आणि एक रंगमंचावर, गायकांच्या बरोब्बर मागे. अक्षरं एवढी मोठी ठेवा की मागच्या ओळीतल्या पुरुषांची डोकी तुमच्या फोन नंबरातल्या शून्यांमध्ये बसतील. मंडळाचं नाव खाली डाव्या कोपऱ्यात मावतं. त्याशिवाय स्मरणिकेचं मलपृष्ठ आणि सन्मानचिन्हं तुमची. सन्मानचिन्ह काचेचं, जड आणि कुठल्याही शोकेसमध्ये न मावणारं असावं. पंचवीस गायकांना पंचवीस शाली द्या. मे महिना असला तरी द्याच.

आता तबलजी. हा माणूस तुम्हाला फसवणार, आधीच सांगून ठेवतो. तो म्हणेल, दोन तबले आणावे लागतील. तुम्ही म्हणाल, वाजवणारा एक, हात दोन, मग दोन तबले कशाला? तो सांगेल की बायकांची गाणी वरच्या पट्टीत, काळी चारमध्ये आहेत, पुरुषांची खालच्या, काळी एकमध्ये, आणि एकच तबला एवढा खालीवर होत नाही. ही थाप आहे असं समजा आणि एकाच तबल्याचे पैसे मंजूर करा. वर विचारा, 'पट्टी एकच ठेवली तर?' वृंदगानात बायका-पुरुष एकत्र गायला लागले की पट्टीचा तोडगा काढण्यात शिकवणाऱ्या बाईंचे दोन-दोन महिने जातात. बायकांना खाली घुसमटायला होतं, पुरुषांची वर किंचाळी निघते. तुमच्या एका प्रश्नाने हा सगळा घोळ मिटेल. पैसा देणाऱ्या माणसाला संगीत उपजतच कळतं.

शिवाय वादकांना तालमीचे पैसे द्यायचे नसतात. पैसे कार्यक्रमाचे. तालमी म्हणजे तर सराव, त्यात त्यांचाच फायदा.

गायकांबद्दल मात्र हात आखडता घेऊ नका. म्हणजे मंडळाच्या गायकांबद्दल नव्हे. ते हौशी आहेत, वर्गणी भरून गातात. त्यांच्यात बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, शाळेतल्या बाई आहेत, डायलिसिस सेंटरमधली नर्स आहे. त्यांचा चेहरा बघायला तिकीट कोण काढणार? तुम्ही एक पाहुणी गायिका आणा, टीव्हीच्या स्पर्धेत शेवटच्या पाचांत पोचलेली. ती ध्वनिमुद्रित ट्रॅकवर तीन गाणी म्हणेल, चौथ्याला 'पुणेकर, आवाज कुठंय?' विचारेल आणि पुढच्या कार्यक्रमाला चिंचवडला जाईल. बजेटचा अर्धा भाग तिच्याबरोबर गाडीत बसून जाईल, पण आठवड्यापूर्वीच जाहिरातीत तिच्या फोटोशेजारी तुमचा फोटो आला असेल. तेवढा वेळ मंडळाचे पंचवीस जण मागच्या बाकांवर बसून टाळ्या वाजवतील. टाळी तालात पडेल, त्याचं काही करता येत नाही, सवय.

माईकची काळजी नको. पंचवीस माणसांना चार माईक पुरतात. पुढची चार माणसं ऐकू येतील, बाकीचे तोंडं हलवतील. व्हिडिओत सगळे सारखेच दिसतात.

नव्या रचनेचा विषय अध्यक्ष पुन्हा काढतील. पंचविसाव्या वर्षी काहीतरी आपलं असावं, एखाद्या नव्या कवीकडून गीत घ्यावं, तरुण संगीतकाराकडून दोन-तीन वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत बांधून घ्यावं, अशी त्यांची फार इच्छा आहे. ऐकून घ्या. मग विचारा, 'ध्रुवपदात आमच्या प्रोजेक्टचं नाव बसेल का?' प्रोजेक्टचं नाव 'रिव्हरडेल ग्रँड्युअर' असेल तर अष्टाक्षरीत अडेल, पण संगीतकाराला आव्हान हवंच असतं. नाही जमलं तर नवी रचना रद्द आणि सगळ्यांना माहीत असलेली जुनी गाणी.

जुन्या गाण्यांतही एक भानगड आहे. कॉपीराइटच्या कायद्यानं कवी-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. गदिमा 1977 साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द 2037 अखेरपर्यंत कुणाचे तरी आहेत. तिकीट लावून कार्यक्रम केला की या हक्कांचं शुल्क भरावं लागतं, आणि सचिव ते कागदावर लिहून आणतात, कारण सचिव निवृत्त सरकारी नोकर आहेत. तुम्ही हसा आणि म्हणा, 'कोण बघतंय?' तरीही ऐकले नाहीत तर तुकोबांचे अभंग सुचवा. तुकोबांना काही द्यावं लागत नाही. हयात असतानाही कुणी फारसं दिलं नव्हतं.

तुमचे सीए इथे मध्ये तोंड घालतील. ते म्हणतील, हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खात्यात दाखवू. पाच कोटी किंवा त्यावर निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के तिकडे घालावेच लागतात आणि कला-संस्कृती त्या यादीत आहे. तुम्ही खूश व्हाल. मग ते दुसरं वाक्य बोलतील: आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप 2021 च्या सुधारित नियमांनुसार सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणजे एक तर फ्लेक्स, नाही तर दोन टक्के. असा नियम करणाऱ्या माणसाचा कधी जाहीर सत्कार झालेला नसणार. तुम्ही फ्लेक्सच निवडा. वाटल्यास खासगीतून थोडी देणगी द्या, फक्त दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका. आयकराच्या सवलतीत ती चालत नाही.

या सगळ्यात एक ऐतिहासिक चूक टाळा. कोल्हापूरला शाहू महाराजांनी गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात ठेवलं, 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, आणि आज त्या वास्तूवर नाव कुणाचं? केशवराव भोसल्यांचं. गाणाऱ्या नटाचं! राजानं पैसे घालायचे आणि पाटी गवयाची. 2024 च्या आगीत ती वास्तू जळाली तेव्हाही लोक हळहळले ते 'केशवराव भोसले नाट्यगृह जळालं' असं म्हणून. बडोद्याला सयाजीरावांनी कलावंतांसाठी वेगळं खातं ठेवलं होतं, पगारासकट. फैयाज खाँ तिथले दरबारी गवई. खाँसाहेब गात असताना मागे 'श्रीमंत सरकारांच्या सौजन्याने' असा पडदा नसायचा. या राजेलोकांना ब्रँडिंग जमलं नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. बालगंधर्वला संध्याकाळची वेळ मिळाली आहे आणि रात्री साडेनऊला नाटक, तेव्हा वेळेचं गणित तुमच्या बाजूनं आहे. साडेपाचची तिसरी घंटा होऊ द्या. तुम्ही सहाला या. तुमच्याशिवाय दीपप्रज्वलन होत नाही. समईच्या वाती पंख्यानं विझतात, त्यात दहा मिनिटं सहज जातात, तेवढ्यात फोटो होतात. मग स्वागत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय. परिचय तुम्हीच लिहून द्या आणि निवेदिकेला तो पाठ करायला लावा. शेवटी तुमचे दोन शब्द. 'मला गाण्यातलं काही कळत नाही' इथून सुरुवात करा; लोकांना वाटतं विनय. मग पंचवीस मिनिटं ते सिद्ध करा.

साडेसात होतील. शिकवणाऱ्या बाई विंगेत यादीवर काट मारत उभ्या असतील. चोवीस गाण्यांतली पंधरा उरतील. पाहुण्या गायिकेची तीन कापता येत नाहीत, तिला ठरल्याप्रमाणे पैसे दिलेत. कापायची ती वृंदाची, आणि त्यातही जिथे मागच्या ओळीतल्या कुणाला दोन ओळी एकट्यानं गायच्या होत्या ती. त्या नर्सबाईंनी दोन ओळींसाठी वर्षभर रात्रपाळ्या बदलून घेतल्या होत्या असं कुणी तरी तुमच्या कानात सांगेल. 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणा. पण तोवर तुम्ही पहिल्या रांगेतून उठलेले असाल, कारण तुम्हाला अजून एका उद्घाटनाला जायचं असतं.

पैशांचं शेवटी. रंगमंचावर द्यायचा थर्माकोलचा चेक पूर्ण रकमेचा असू द्या, खरा अर्ध्याचा. उरलेले 'बिलं आल्यावर'. नाट्यगृह आगाऊ पैसे घेतं, साउंडवाला सामान उतरवण्याआधी घेतो, फ्लेक्सवाला तुमच्या मेव्हण्याचा मित्र. तेव्हा थांबणार कोण, तर तबलजी आणि बासरीवाला, आणि ते थांबतात. महिन्यानं सचिवांचा व्हॉट्सॲप येईल: 'साहेब, वादकांचे अठरा हजार राहिलेत, सवडीनं बघावं', पुढे हात जोडलेले. तुम्ही अंगठा दाखवा. निळ्या टिका येऊ देऊ नका. ते सेटिंग आत प्रायव्हसीत आहे.