पेजला लाईक आले, पण पुस्तक वाचायला कोण आलं?

परवा एका ओळखीच्या संस्थेच्या सचिव असलेल्या ताईंचा फोन आला. "आमचं पेज जरा वाढवून देशील का गं? दोन हजार फॉलोअर तरी व्हायला हवेत." मी विचारलं, "ताई, दोन हजार झाले की त्यांच्याकडून तुम्हाला काय हवंय?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे... आपलं काम लोकांपर्यंत पोचेल ना."

ताईंचं काम खरंच मोठं आहे आणि त्या त्यासाठी दिवसरात्र राबतात. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. अशा प्रश्नात अडकलेल्या संस्था पुष्कळ आहेत.

मी गेली अकरा वर्षं, नोकरी सांभाळून, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. पगारी माणूस एकच, बाकी सगळे स्वयंसेवक. प्रचाराला पैसा कधीच नव्हता, त्यामुळे जे काही केलं ते फुकटच्या साधनांवर. आणि सुरुवातीला आम्हीही ताईंसारखंच केलं. सुंदर चित्र, त्यावर मोठ्या अक्षरात "पुस्तकं वाचून देण्यासाठी स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा". लाईक आले, हात जोडलेले आले, "स्तुत्य उपक्रम" आलं, शेअरही बरेच झाले. वाचायला एकही माणूस आला नाही.

मला फार लागलं ते. लोकांना काही पडलेली नाही, असंच वाटलं. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीची परीक्षा तोंडावर आली होती आणि तिच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं एक प्रकरण राहिलं होतं. मी घाईघाईत, चित्रबित्र न लावता, नुसतं लिहिलं: अर्थशास्त्राचं चौथं प्रकरण, अठ्ठावीस पानं, तीन आठवड्यांत हवंय. घरातली एक शांत खोली आणि साधा मोबाईल पुरेल. रोज वीस मिनिटं लागतील. तक्ते आणि आलेख शब्दांत समजावून सांगावे लागतील, ते कसं करायचं ते आम्ही दाखवू. खाली फॉर्मची लिंक.

संध्याकाळपर्यंत सहा फॉर्म भरून आले. त्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, "तक्ते माझ्याकडे द्या, आयुष्यभर तेच वाचले आहेत." त्या पोस्टला लाईक आधीच्या पोस्टच्या पावपटही नव्हते. त्या दिवसापासून मी लाईक मोजणं बंद केलं.

लोकांना पडलेली असते. त्यांना फक्त कळत नसतं की नेमकं करायचं काय. "संपर्क साधावा" म्हटलं की सगळं ओझं समोरच्यावर पडतं. संपर्क कुणाशी साधायचा, पुढे काय होईल, आपण अडकून तर पडणार नाही ना, हे सगळं त्याने मनातल्या मनात सोडवायचं. तोवर बोट पुढच्या पोस्टवर गेलेलं असतं.

जगभर गाजलेली दोन उदाहरणं मला यासाठी नेहमी आठवतात. ५ मार्च २०१२ला 'कोनी २०१२' नावाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ इंटरनेटवर आला. युगांडातला बंडखोर नेता जोसेफ कोनी याला पकडावं म्हणून एका संस्थेने तो काढला होता. सहा दिवसांत दहा कोटींवर वेळा तो पाहिला गेला. लोकांनी करायचं काय, तर २० एप्रिलच्या रात्री आपापल्या शहरात पोस्टर लावायची. त्या रात्री रस्त्यावर उतरलेली माणसं फारच थोडी होती. व्हिडिओ एकांगी असल्याची टीका मधल्या काळात झालीच होती, पण मला दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची वाटते. पाहणाऱ्याच्या मनात कळवळा आला तो मार्चमध्ये, आणि त्याला काम सांगितलं २० एप्रिलचं. दीड महिना कोण थांबतं?

दुसरं उदाहरण २०१४च्या उन्हाळ्यातलं आइस बकेट चॅलेंज. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं, तिघांची नावं घ्यायची, आणि त्यांनी चोवीस तासांत पाणी ओतून घ्यायचं किंवा देणगी द्यायची. पुष्कळांनी दोन्ही केलं. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेकडे त्या उन्हाळ्यात आठ आठवड्यांत सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमा झाले. त्यातला काही पैसा ज्या संशोधनाला गेला, त्यातून २०१६मध्ये या आजाराशी संबंध असलेलं 'एनईके१' हे जनुक सापडलं. कुणी कितीही नाकं मुरडली तरी ही गोष्ट खरी आहे. तिथे काम स्पष्ट होतं, मुदत चोवीस तासांची होती आणि विचारणारा आपल्या ओळखीचा होता.

पण पुढच्या वर्षी तेच आव्हान पुन्हा दिलं तेव्हा आधीच्या प्रतिसादाचा छोटासा अंशच मिळाला. म्हणून लाट येईल या भरवशावर संस्थेने राहू नये. आली तर आलेल्या माणसांची नावं लिहून घ्यायची तयारी मात्र हवी.

लिहून घेणं. माझ्या मते सगळं इथेच अडतं. फॉर्म करायला दहा मिनिटं लागतात, भरलेली माहिती आपोआप शीटमध्ये येते, आणि मग त्या शीटकडे महिनाभर कुणी बघत नाही. आमच्या शीटमध्ये नाव, फोन, भाषा, विषय यांच्या पुढे तीन रकाने आहेत: "कुणी फोन केला", "कधी", "काय ठरलं". तिसरा रकाना रिकामा दिसला की आठवड्याच्या बैठकीत विचारणा होते. एवढ्या साध्या शिस्तीने आमचे स्वयंसेवक टिकले. माणूस स्वतःहून हात पुढे करतो तेव्हा त्याला दुसऱ्या दिवशी फोन गेला पाहिजे. आठ दिवसांनी गेला तर तो संकोचून म्हणतो, "आता जरा गडबडीत आहे." चूक त्याची नसते.

कामाचे तुकडे पाडायला मी शिकले ते लिब्रिव्हॉक्सकडून. ह्यू मॅकगायर यांनी २००५मध्ये हे सुरू केलं. प्रताधिकार संपलेली पुस्तकं जगभरातले स्वयंसेवक आपापल्या घरी बसून वाचतात, एकाच पुस्तकाची प्रकरणं वेगवेगळी माणसं वाटून घेतात, दुसरं कुणीतरी ते ऐकून चुका काढतं, आणि तयार रेकॉर्डिंग इंटरनेट आर्काइव्हवर सगळ्यांसाठी मोफत ठेवलं जातं. आम्ही तीच पद्धत उचलली. एका पुस्तकाची एक शीट, प्रत्येक ओळीत एक प्रकरण, पुढे वाचणाऱ्याचं नाव, ऐकून तपासणाऱ्याचं नाव, तारीख. आवाज साफ करायला ऑडॅसिटी, तेही फुकट. पूर्ण पुस्तक घ्यायला घाबरणारी माणसं एक प्रकरण आनंदाने घेतात, आणि ते झालं की पुढचं स्वतःहून मागतात.

आता एक चूक सांगते. तिची मला आजही लाज वाटते.

आमच्याकडे पुस्तकं ऐकणारा एक विद्यार्थी एकदा म्हणाला, "मॅडम, तुमच्या पेजवर मला फक्त 'इमेज, इमेज' ऐकू येतं." मी त्याच्या शेजारी बसून त्याचा फोन ऐकला. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर एकेक पोस्टवरून सरकत होता. नवीन पुस्तकांची यादी आम्ही चित्रात लिहिली होती. कार्यक्रमाची वेळ चित्रात. फोन नंबर चित्रात. ज्यांच्यासाठी संस्था चालवतो, त्यांनाच तिचं पान वाचता येत नव्हतं. मी जमिनीत गेले.

तेव्हापासून नियम केला की चित्रात जे लिहिलंय ते सगळं पोस्टच्या मजकुरातही लिहायचं आणि फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते स्क्रीन रीडरला वाचता येईल असं वर्णन, द्यायचं. फोटो टाकताना तिथेच ती सोय असते, दोन ओळी लिहायला अर्धं मिनिट लागतं. 'मुली आणि शिक्षिका टेबलाभोवती बसून हेडफोनवर ऐकत आहेत' एवढं पुरतं. याचा फायदा फक्त अंधांना होतो असंही नाही. ज्यांचं नेट हळू आहे त्यांना होतो, नंतर शोधायला येणाऱ्याला होतो, कारण चित्रातली अक्षरं शोधून सापडतीलच असं नाही. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर संगणकावर घालून, डोळे मिटून, आपल्याच संस्थेचं पान एकदा ऐका. मायकल करन आणि जेमी टे या दोन अंध मित्रांनी ऑस्ट्रेलियात तो बनवला, काम २००६मध्ये सुरू झालं, आणि आजही ना-नफा संस्थाच तो चालवते. पाच मिनिटं ऐकलंत तरी पोस्ट लिहायची तुमची पद्धत बदलेल.

संस्थेच्या पेजच्या आणि खात्यांच्या चाव्या कुणाच्या हातात असाव्यात, याबद्दल थोडं कडक बोलते. आमचं पहिलं पेज एका उत्साही मुलाने त्याच्या स्वतःच्या खात्यावरून काढलं होतं. तो शिकायला परदेशी गेला, नंबर बदलला, जुना ईमेल बंद पडला, आणि चार वर्षांचं पेज डोळ्यांसमोर असूनही आमच्या हातातून गेलं. त्या मुलाला मी कधीच दोष दिला नाही, त्याने जे केलं ते प्रेमाने केलं. दोष आम्हा मोठ्यांचा. संस्थेचा स्वतःचा ईमेल हवा. प्रत्येक पेजला, ग्रुपला, ड्राइव्हला किमान दोन ॲडमिन हवेत. त्यांची नोंद विश्वस्तांच्या बैठकीच्या वहीत हवी, जशी बँकेत सह्या कुणाच्या चालतात त्याची असते. आणि कुणी संस्था सोडली की त्याच आठवड्यात ती नोंद बदलायला हवी.

फुकट म्हणजे कायमचं, असंही धरून चालू नये. ऑर्कुट २०१४मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९मध्ये. गूगल फोटोजमधली अमर्याद जागा १ जून २०२१पासून संपली, आता फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून पंधरा जीबी. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं पुसलं जाऊ शकतं. म्हणून ही साधनं वापरूच नयेत असं मी म्हणत नाही, आमचा तर संसारच त्यावर चाललाय. पण आपल्या माणसांची यादी आणि कामाचं रेकॉर्ड यांची एक प्रत दर महिन्याला उतरवून आपल्याकडे ठेवा. पेजवरचे फॉलोअर त्या कंपनीच्या घरात राहतात. २०१८च्या जानेवारीत फेसबुकने मित्र-कुटुंबाच्या पोस्टना झुकतं माप द्यायचं ठरवलं आणि कितीतरी पेजेसच्या पोस्ट लोकांना दिसेनाशा झाल्या. ज्यांनी संमतीने ईमेल किंवा नंबर दिला, त्यांना मात्र आपण कधीही थेट कळवू शकतो.

त्या संमतीचाही मान ठेवायला हवा. फॉर्म भरला म्हणून थेट व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकणं मला मान्य नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर अनोळखी लोकांना दिसतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या मुलींना त्याचा काय त्रास झाला ते मी पाहिलंय. नुसतं कळवायचं असेल तर व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. हे माहीत नसल्याने अनेक संस्था "कुणी उत्तरच देत नाही" म्हणून खट्टू होतात. आणि लाभार्थींच्या नावा-पत्त्यांची शीट "लिंक असलेल्या कुणालाही" उघडी ठेवू नका. आत्ता उठून बघा, तुमचीही तशी असेल.

नोंदणीकृत संस्थांना याहून बरंच काही मोफत मिळतं, आणि मागितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. गूगलची संस्थांसाठी वेगळी योजना आहे. पात्र ठरलात की संस्थेच्या नावाचे ईमेल आणि ड्राइव्ह विनामूल्य मिळतात, आणि शोधयंत्रावर महिन्याला दहा हजार डॉलरपर्यंतच्या जाहिराती. कॅन्व्हाचीही संस्थांसाठी मोफत सोय आहे. कागदपत्रं तपासली जातात, थोडा वेळ जातो, इतकंच. जाहिरातींच्या मागे मात्र लगेच लागू नका. त्या बघून येणारा माणूस ज्या पानावर उतरतो तिथे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर सगळं वाया.

ताईंना मी काल रात्री निरोप पाठवला. पेजचं नंतर बघू, आधी एवढंच कळवा, या महिन्यात तुम्हाला कोण हवंय, कशासाठी आणि कधीपर्यंत.

आज सकाळी त्यांचं उत्तर आलं. "शनिवारी दुपारी दोन तास, नववीच्या सात मुलांना गणित शिकवणारं कुणीतरी. तीन महिने. मध्येच सोडून जायचं नाही, मुलं फार हिरमुसतात." फॉर्म आज रात्री आम्ही दोघी मिळून करतोय. फोन कोण करणार, तेही ठरलंय.