नेक-थ्रू बास नागपुरात टिकतो का? एका सविस्तर आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

नागपुरात सागवानी नेक-थ्रू बास गिटार बनवायची माझी रचना मी मांडली होती; नेक-थ्रू म्हणजे नेकचं (गळ्याचं) लाकूड बॉडीतून शेवटपर्यंत अखंड जातं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि बरीचशी मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सागवान तेलकट, त्याला ग्लू धरत नाही, नेकला मेपलच हवं. नेकला तीन अंशांचा कोन दिलेला नाही, म्हणजे तारांची उंची जमणार नाही. नागपूरच्या हवेत नेक-थ्रू करणं वेडेपणा, कारण पीळ पडला तर नेक बदलता येत नाही. जवसाच्या तेलाचं फिनिश पहिल्या पावसाळ्यातच जाईल. आणि शेवटी, "काहून एवढा खटाटोप भाऊ, बोल्ट-ऑन कर ना," म्हणजे वेगळा नेक बॉडीला स्क्रूने जोड.

कोनापासून सुरू करतो, कारण तिथे मताचा प्रश्न नाही, हिशेब आहे. स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी, 34 इंच, म्हणजे 863.6 मिमी. फ्रेटबोर्ड (नेकवर चिकटवलेली फळी) 6 मिमी, त्यावरच्या फ्रेटची (धातूच्या आडव्या पट्टीची) उंची 1.1 मिमी. नटपाशी (हेडस्टॉककडची खाचांची पट्टी) तार फ्रेटच्या 0.4 मिमी वर धरली तर नेकच्या पातळीपासून ती 7.5 मिमीवर येते. बाराव्या फ्रेटला 2.2 मिमी ॲक्शन (तार आणि फ्रेटमधलं अंतर) हवी, तर तिथे 9.3. तार सरळ रेषेत जाते आणि बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असतो, म्हणून ब्रिजपाशी 11.1 मिमी. बासच्या साध्या ब्रिजचे सॅडल (तार टेकते ते वर-खाली होणारे तुकडे) साधारण 10 ते 15 मिमीत खेळतात. म्हणजे कोन शून्य ठेवला तरी तार बसते, फक्त खाली उतरवायला जागा कमी उरते. म्हणून फ्रेटबोर्ड संपतो तिथून पुढे बॉडीची पातळी 2 मिमी खाली रंधायची. तार 13 मिमीवर येते आणि सॅडल मधोमध बसतात.

आता तुमचे तीन अंश घालून बघा. 24वा फ्रेट ब्रिजपासून 216 मिमी. तिथून तीन अंशांनी 11 मिमीपेक्षा जास्त उंची वाढते, म्हणजे तार 22 मिमीवर जाते. ब्रिजखाली लाकडाचा पाट ठेवावा लागेल! हा आकडा बहुधा उंच ब्रिजच्या इलेक्ट्रिक गिटारवरून आला असावा. मात्र एक खरं: बोल्ट-ऑनमध्ये इथे चूक झाली तर सांध्यात पातळ चकती सरकवून भागतं, नेक-थ्रूमध्ये नाही. म्हणून ब्रिज आधी विकत घ्यायचा, हातात घेऊन मोजायचा, मगच लाकडाला हात लावायचा.

सागवानाबद्दल तुम्ही अर्धं बरोबर आहात. तेलकट आहेच, वर त्यात सिलिका असते, त्यामुळे रंध्याचं पातं मेपलपेक्षा फार लवकर बोथट होतं. पण ग्लू धरत नाही ही तक्रार जवळजवळ नेहमी रंधून दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या फळ्यांची असते. तेवढ्यात तेल पृष्ठभागावर येतं. रंधा मारल्यावर तासाभरात ॲसिटोनने पुसा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत, आणि लगेच जोडा. ताठपणात मेपल पुढे आहे, हे मान्य: हार्ड मेपल साधारण 12.6 गिगापास्कल, सागवान 10.7. पण ओल्याचं पूर्ण सुकं होताना मेपल रुंदीत रेषेप्रमाणे 4.8 ते 9.9 टक्के आकसतं, सागवान 2.5 ते 5.8. आपल्या हवेत मला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ताठपणाची उणीव नेकच्या आत घातलेल्या कार्बन-फायबरच्या पट्ट्यांनी भरून निघते, आकसण्यावर असा उपाय नाही.

पट्ट्यांबाबत एक सावधगिरी. बाजारात 3×10 मिमीची पट्टी सहज मिळते आणि खोल तेवढी ताठ म्हणून लोक तीच घालतात. नेक पहिल्या फ्रेटला 21 मिमी जाड, त्यातला फ्रेटबोर्ड वजा केला की लाकूड उरतं 15. पट्टी मध्यापासून 10 मिमी बाजूला असते, तिथे पाठीची गोलाई उतरलेली असल्याने जेमतेम 12. पाठ घडवताना कानस जराशी जास्त चालली तरी थेट कार्बनवर जाते आणि लाकडात काळी रेघ उघडी पडते. 3×6 घ्या.

आता हवा. इथे तुमचा आक्षेप सर्वात वजनदार आहे. मे महिन्यात बाहेर आर्द्रता 20 टक्क्यांखाली उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये 80च्या वर जाते. त्यात आपल्याकडे कूलर. भर उन्हाळ्यात बाहेर लाकूड सुकत असतं आणि खोलीत कूलरच्या झोतात टांगलेला बास ओल पीत असतो. नागपुरात वाद्याला मे महिना जुलैपेक्षा वाईट, तो याच रोजच्या हेलकाव्यामुळे. लाकडातली ओल 5 टक्क्यांनी बदलली तर 60 मिमी रुंदीची आडव्या रेषेची (वलयं पृष्ठभागाला समांतर असलेली) मेपल फळी सुमारे 1 मिमी हलते. उभ्या रेषेचं (वलयं पृष्ठभागाला काटकोनात असलेलं) सागवान 0.3 मिमी. फ्रेटची टोकं हाताला बोचायला लागतात ती यामुळेच.

म्हणून पीळ टाळायचं काम सुरुवातीलाच करावं लागतं. लकडगंजातून (नागपूरचा लाकूडबाजार) फळी आणली की तिच्या पट्ट्या कापायच्या आणि उभ्या करून रेषा नेकच्या दर्शनी बाजूला काटकोनात आणायची. माझी रचना 18 मिमी सागवान, 4 शिसम, 20 सागवान, 4 शिसम, 18 सागवान; एकूण 64. शेजारच्या पट्ट्यांची वाढीची वलयं एकमेकांच्या उलट ठेवायची, म्हणजे एकीचा कल दुसरी आवरते. कापल्यावर लगेच जोडायच्या नाहीत. मॉइश्चर मीटर नसेल तर पट्टीवर तारीख घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन वजनं सारखी आली की लाकूड हवेशी जुळलं. मग पुन्हा रंधून सरळ करायचं आणि जोडायचं. जुन्या वाड्याच्या तुळया मिळाल्या तर उत्तम, पण झाडाचा मध्य ज्या तुळईत आहे ती नको, आणि रंध्याआधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेले खिळे असतातच.

ट्रस रॉडची (नेकचा वाक सरळ करणाऱ्या सळईची) खाच, कार्बनच्या खाचा, हेडस्टॉकचा (खुंट्यांच्या टोकाचा) कोन, हे सगळं बॉडीचे पंख (दोन्ही बाजूंचे भाग) चिकटवण्याआधी. तेव्हा कडा सरळ असतात आणि राउटरला आधार मिळतो. नेकचा निमुळतेपणा फक्त हीलपर्यंत (नेक बॉडीला मिळतो तिथपर्यंत) कापा, पुढे कडा समांतर राहू द्या, नाहीतर पंखांच्या सांध्यात फट राहील. क्लॅम्प आवळताना ओल्या ग्लूवर पंख घसरतात, म्हणून प्रत्येक सांध्यात डोकं छाटलेले दोन बारीक खिळे. रॉड दोन्ही दिशांनी काम करणारा घ्या, त्याची चावी हेडस्टॉककडून लागली पाहिजे.

एवढं करूनही पीळ पडलाच तर? थोडा असेल तर फ्रेट काढून बोर्ड रंधता येतो. जास्त असेल तर तुम्ही म्हणता तेच खरं, नेक बदलता येत नाही. ज्यांचा बास रोज गाड्यांमधून ऑर्केस्ट्राला जातो त्यांनी बोल्ट-ऑनच घ्यावा. मेमध्ये बंद गाडीत इतकी उष्णता साठते की पांढरा सुतारी ग्लू मऊ पडून सांधा सरकू लागतो. नेक-थ्रू मी सस्टेनसाठी (सूर जास्त वेळ टिकावा म्हणून) सुचवत नाही, त्या दाव्यांवर माझा फारसा भरवसा नाही. कारण साधं आहे: हीलचा ठोकळा नसल्याने हात 24व्या फ्रेटपर्यंत मोकळा जातो. आणि ही नवी टूम नाही, रिकनबॅकरचा 4000 बास 1957 सालचा आहे.

फिनिशवर तुमच्याशी जवळजवळ सहमत. तेल ओल अडवत नाही. शिवाय सागवान आणि शिसमच्या अंगच्या द्रव्यांमुळे जवसाचं तेल नीट वाळत नाही, चिकट राहतं. तेल फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना नेकची पाठ लाकडासारखी हाताला लागायला हवी, आणि तेही स्पिरिटमधल्या मेणविरहित चपडा लाखेचा पातळ हात आधी देऊन. बॉडी आणि हेडस्टॉकला दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) योग्य, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात त्याचा हार्डनर हवेतल्या ओलीशी भिडतो आणि फुगे येतात. मेमध्ये थिनर लाकडावर पोचण्याआधीच उडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. फवारताना वाफेचं फिल्टर असलेला मास्क लावा, रुमालाने हार्डनरमधलं आयसोसायनेट अडत नाही.

तेल वापरणारच असाल तर पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. पाण्याच्या डब्यात बुडवा, किंवा एकेक चिंधी बाहेर दोरीवर पसरून वाळवा.