घाणेरी काढायला जेसीबी कशाला?

घाणेरी (लँटाना, जंगलात माजणारं परदेशी झुडूप) जेसीबीने काढून जंगल पुन्हा उभं करण्यावरच्या लेखात पुनर्स्थापनेचा हिशेब रोपं, खड्डे आणि टँकर यांवर मांडलाय. मेळघाट-पेंचसारख्या जंगलात बऱ्याच ठिकाणी रोपांची गरजच नसते. घाणेरी हटली की खालचं गवत आणि साग-तेंदूचे दबलेले खुंट आपसूक फुटतात.

नुसती छाटलेली घाणेरी मात्र पुढच्या पावसात पुन्हा दाट होते. दिल्ली विद्यापीठाचे पर्यावरणशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबूंची पद्धत सोपी आहे: कुदळीने जमिनीखाली तीन-पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. जेसीबीने माती उकरली जाते, म्हणजे तणाच्या बियांना आयतं रान. पुढची दोन-तीन वर्षं पाखरांनी टाकलेल्या बियांची रोपं उपटत राहावं लागतं, रानतुळस हे दुसरं तण बी धरायच्या आत काढावी लागते. निधी नेमका पहिल्याच वर्षी संपतो, मग सगळी मजुरी पाण्यात!

गावाचा फायदा दाखवायला अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरचं उदाहरण देतात. सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल राखायचा-वापरायचा कायदेशीर हक्क) मिळाल्यावर गावाने जंगल राखलं, सीताफळं मुंबईपर्यंत विकली, 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा (यूएनडीपी) पुरस्कारही मिळवला. पण अभयारण्याच्या आत हे जसंच्या तसं जमणार नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम 29 नुसार तिथून काढलेलं वनोपज गावकऱ्यांच्या गरजेपुरतंच वापरता येतं, विकता येत नाही. मग आत गावाच्या हाती उरते ती मुख्यतः मजुरी. तीही बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसांना मिळणार असेल, तर वणवा लागल्यावर गावाने का धावावं?